गद्रे सरांच्या दारातली दहा मिनिटं

ज्या वर्षी आमच्या राजनंदिनीचं लग्न झालं आणि त्या लग्नात तिच्या आजोबांचा बँड वाजला नाही, ते वर्ष दोन हजार पंचवीस. राजनंदिनी माझ्या थोरल्याची मुलगी. हिंजवडीला कंपनीत असते. ती जन्मली तेव्हा मी बँडचं जुनं नाव पुसून तिचं नाव दिलं. टेम्पोवर ते अजून पिवळ्या रंगात आहे, राजनंदिनी ब्रास बँड, वारजे. पण तिच्या सासरच्यांना डीजे हवा होता, आणि मुलीकडच्यांनी हट्ट धरायचा नसतो. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी मी फेटा बांधून पहिल्या रांगेत पाहुण्यासारखा बसलो. नवरदेव आला तेव्हा स्पीकरच्या दणक्यानं खुर्ची हलत होती आणि माझी बोटं गुडघ्यावर क्लॅरनेटच्या पट्ट्या दाबत होती. शेजारी गोदाबाई, माझी बायको. ती हळूच म्हणाली की हात आवरा, लोक बघायलेत. मी हात मांडीखाली घेतले. बहात्तर वर्षांच्या माणसानं नातीच्या लग्नात हात मांडीखाली घेऊन बसावं, याचा मला तेव्हा राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं. राग पुढच्या महिन्यात आला आणि तो अजून गेलेला नाही.

मार्च महिना वसुलीचा. लग्नाच्या तिथी डीजेनं खाल्ल्या, म्हणून चार वर्षांपासून आम्ही घरपट्टी वसुलीच्या गाडीमागे जातो. ज्यानं घरपट्टी थकवली त्याच्या दारात उभं राहून दहा मिनिटं वाजवायचं. शेजारी गॅलरीत येतात, मुलं नाचतात, माणूस लाजतो आणि चेक लिहून देतो. आमचा मजुरीशी संबंध. वसुलीवर सौमित्र नावाचा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा होता, सभ्य, मला काका म्हणणारा. तो रोज सकाळी टेम्पोच्या बॉनेटवर यादी ठेवून खुणा करायचा आणि मी शेजारी उभा राहून ती यादी वाचायचो. मला वाचायची हाव आहे. उशिरा जेवायला मिळालेल्या माणसाला असते तशी. दुकानांच्या पाट्या, पुडीचे कागद, लग्नपत्रिकांतली बारीक नावं, काही सोडत नाही. दहा मार्चला सोमवारी यादी वाचताना सर्वांत वर एकाच माणसाचं नाव तीनदा दिसलं, तीन मिळकती, आकडे बसायला रकान्याला जागा पुरत नव्हती. शहरातले आमदार. नाव लिहीत नाही. त्यांच्यापुढे शेऱ्यात 'न्यायप्रविष्ट' असं होतं. हा शब्द मी दोनदा जुळवून वाचला आणि सौमित्रला विचारलं. तो म्हणाला, "तिथं स्टे आहे, काका. कोर्टानं थांबवलंय. तिथं नाही जायचं." बरं म्हणालो. खाली वाचत गेलो. चौदा नंबरला होतं, गद्रे बाळ वामन, सहकारनगर, तळमजला. त्यापुढे शेरा नव्हता.

माझ्या पायाखाली टेम्पोची सावली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. केज तालुक्यातून मी पुण्यात आलो तो क्लॅरनेट घेऊनच, पण पावसाळ्यात लग्नं नसत, तेव्हा मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर हमाली करायचो. सत्तेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. पत्रिका आली की घरमालकाकडून वाचून घ्यायचो. एकदा त्यानं घाईत कार्यालयाचं नाव एक आणि रस्ता दुसराच सांगितला. मी दहा माणसांचा बँड घेऊन एका घरासमोर वाजवायला उभा राहिलो आणि आतून चार माणसं तिरडीचे बांबू घेऊन बाहेर आली. त्यांनी आम्हाला मारलं नाही. एक म्हातारा नुसता हात जोडून उभा राहिला. ते जोडलेले हात मला वर्षभर झोपू देत नव्हते. त्याच सुमाराला दुपारी लिलाव संपल्यावर हमालांना शिकवायला एक मास्तर सायकलवर येऊ लागले. सदाशिव पेठेतल्या शाळेत गणित शिकवायचे, बाळ गद्रे. सगळे त्यांना गद्रे सर म्हणत. फळा नव्हता. कांद्याच्या पोत्यांवर काळ्या शाईत जे छापलेलं असे त्यावर ते छडी ठेवत. लासलगावचा ल मी पहिल्यांदा शिकलो, मग स, मग ग. अ फार उशिरा आला. सर म्हणायचे, पोतं पाठीवर घेण्याआधी त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचायचा हक्क आहे तुम्हाला. हक्क हा शब्द मला जोडाक्षरामुळे अवघड गेला. वर्षानं मी वर्तमानपत्राचा मथळा वाचला तेव्हा ते म्हणाले, "ठीक. आता खालचं वाचा. मथळा तर आंधळाही वाचतो." एवढंच कौतुक.

पुढं मी त्यांच्या घरी जायला लागलो. पुण्यात मला आत, खुर्चीवर बसवून कपबशीत चहा देणारं ते पहिलं घर. आम्ही वाजवणारी माणसं. आम्हाला सगळे दारापर्यंत बोलावतात, दारात नारळ देतात, मान देतात, पण उंबरा आमच्यासाठी नसतो. आम्हीही तो ओलांडायला जात नाही. पद्मजाबाई, सरांच्या बाई, पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या की उभे काय राहिलात, पंखा आतच आहे. पंचवीस वर्षं मी त्या पंख्याखाली बसलो. दर पंधरा दिवसांनी रविवारी. सर मला अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावत आणि चुकलं की डोळे न उघडता म्हणत, परत. चौदा नंबरला ते नाव वाचताना मला तो आवाज ऐकू आला. परत. मी परत वाचलं. तेच होतं.

सर यादीत कसे आले हे मला ठाऊक होतं. राहत्या घराला घरपट्टीत सवलत मिळते. ती पुढं चालू ठेवायला घरमालकानं अर्ज द्यायचा होता, मी या घरात स्वतः राहतो असा, सोबत पुरावा. सगळ्यांनी दिला. माझ्या वारज्याच्या दोन खोल्यांचा मीही दिला, तो सरांच्याच टेबलावर बसून भरला. प्रत्येक रकाना त्यांनी मला समजावला. मग मी विचारलं, सर, तुमचा. तर म्हणाले की मी इथं बेचाळीस वर्षं राहतोय, नळाचं पाणी येतं, मतदानाची चिठ्ठी येते, उन्हाळ्यात पाहुणे येतात. राहतो हे मी सिद्ध का करू? नसेन राहत तर त्यांनी येऊन सिद्ध करावं. आमोद, त्यांचा मुलगा, वाकडला असतो, तो रविवारी ट्रॅफिकनं परवानगी दिली तर येतो. त्यानं मोबाइल पुढं केला, पाच मिनिटांचं काम आहे बाबा. सर म्हणाले, पाच मिनिटांचंच आहे, म्हणूनच करणार नाही. ते दरवर्षी सवलत धरून जेवढी पट्टी होईल तेवढी पै न् पै भरत. उरलेली थकबाकी म्हणून चढत गेली आणि तिच्यावर दरमहा शास्ती. ही चूक दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं केली नसती. पद्मजाबाई म्हणायच्या की यांचा ताठा घरपट्टीपेक्षा महाग पडतोय. सर वर्तमानपत्राला पत्रं लिहीत. त्यातलं एक मी त्यांच्या समोर मोठ्यानं वाचलं होतं. त्यात होतं की आमदार-खासदारांच्या काही भत्त्यांना आयकर लागत नाही, आणि हे ठरवणारे कोण, तर तेच. कायदा करणाऱ्यानं आपला कर सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांएवढा पूर्ण भरावा, नाहीतर त्यानं दुसऱ्यावर कर बसवण्यासाठी हात वर करू नये. पत्र छापून आलं होतं, निम्मं.

मी त्या दिवशी पोट दुखतं म्हणू शकलो असतो. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे. संभाजी, माझा पुतण्या, ढोल वाजवतो, तो क्लॅरनेटही बरं वाजवतो. पण मी गेलो नसतो तर त्यानं वसुलीच्या दारात वाजवतात ती उडती, टिंगलीची चाल वाजवली असती, जिच्यावर पोरं शिट्ट्या मारतात. मला वाटलं, मी असेन तर निदान चाल माझ्या हातात राहील. असं मला वाटलं आणि तिथंच मी चुकलो. सहकारनगरच्या त्या गल्लीत टेम्पो थांबला, अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं. लाल कोटाखाली पाठ भिजली होती. मी संभाजीला खूण केली आणि सीमांतपूजनाची चाल धरली, जी आम्ही नवरदेव गावाच्या वेशीवर आल्यावर वाजवतो, सावकाश, मान देत. इतक्या वर्षांत ती माझ्याकडून एवढी चांगली वाजली नव्हती. गॅलऱ्यांत माणसं आली. मोबाइल वर झाले. आणि गद्रे सरांचं दार उघडून पद्मजाबाई बाहेर आल्या, हातात ताट. ताटात निरांजन, हळदकुंकू, नारळ, वर शंभराची नोट. त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता. त्यांचे कान गेली दोन वर्षं कमी झालेत, पण ही चाल त्यांनी ओळखली. दारात मंगल वाजलं तर वाजवणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हे त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं असणार. कुणाचं काय आहे, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्यांना आनंद झाला होता. मला ओळखून त्या म्हणाल्या, "अगंबाई, तुम्हीच का. आधी सांगितलं असतं तर गोड केलं असतं."

क्लॅरनेट माझ्या तोंडात होतं. मी फुंकत होतो. पट्टी दाबलेली बोटं मला दिसत होती आणि ती माझी नव्हती. त्यांनी मला कुंकू लावलं, नारळ माझ्या काखेत अडकवला, नोट कोटाच्या खिशात सरकवली, मग संभाजीला, मग सगळ्यांना कुंकू लावलं. कुणीतरी वरच्या गॅलरीत फसकन हसलं. मग सौमित्र पुढं झाला. त्यानं फार हळू, फार अदबीनं ती नोटीस ताटाच्या कडेला धरली. "आजी, हे घरपट्टीचं आहे." त्यांना ऐकू आलं नाही. तो पुन्हा, मोठ्यानं म्हणाला. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. पद्मजाबाईंनी नोटिशीकडे पाहिलं, मग गॅलऱ्यांकडे, मग माझ्याकडे. निरांजन विझलं नव्हतं, त्यांनी ते पदरानं वाऱ्यापासून झाकलं, जसं काही अजून ओवाळायचं बाकी आहे.

तेव्हा सर आले. सदरा, पायजमा, हातात चष्मा. मी वाजवायचं थांबलो. त्यांनी नोटीस घेतली, उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचली, दोन्ही बाजू, सौमित्रचं पेन मागून घेतलं, सही केली. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावर त्यांच्या घरचं कुंकू होतं.

"थांबलात का?" ते म्हणाले. "दहा मिनिटं असतात ना? सहा झाली. काम पुरं करा."

आम्ही चार मिनिटं वाजवलं. ते उंबऱ्यावर उभे राहून ऐकत होते, वर्गात एखाद्याला पाढा म्हणायला लावून उभे राहावं तसे. चार मिनिटांत किती श्वास लागतात हे मला आता माहीत आहे. संपल्यावर त्यांनी बाईंना आत घेतलं आणि दार लावलं, आपटलं नाही.

संध्याकाळी ती चित्रफीत राजनंदिनीच्या सासूनं तिला पाठवली, तिनं माझ्या मुलाला, मुलानं मला दाखवली. ताट घेतलेल्या पद्मजाबाई, खाली हसणारी तोंडं काढलेली. गोदाबाईनं ती एकदाच पाहिली आणि फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "वैऱ्याच्या दारात बी असं कोनी वाजवत नाही. आन् तुमी चाल बी कोणती धरलीत." मी म्हणालो की मान राखायला धरली. ती म्हणाली, मान राखायचा होता तर घरात निजून ऱ्हायचं. तिचं खरं होतं. मला तिचा राग आला, सौमित्रचा आला, सवलतीसाठी अर्ज न भरणाऱ्या सरांचा आला, त्या हसणाऱ्याचा आला. पण दोन दिवसांत एकेक राग गळून गेला आणि शेवटी यादीतल्या सर्वांत वरच्या तीन ओळी तेवढ्या उरल्या. त्या मी डोळे मिटले तरी वाचू शकत होतो. आमच्या हमालांच्या टोळीत रीत होती, दिवसाचं पहिलं पोतं मुकादमानं स्वतः उचलायचं. शंभर किलो. मुकादम म्हातारा असला तरी. चार पावलं जाऊन त्यानं ते टाकलं तरी चाले, पण पाठीला लावल्याशिवाय त्यानं दुसऱ्याला उचल म्हणायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. आमच्यात कुणाला लिहिताच येत नव्हतं. ज्यांना लिहिता येतं, ज्यांनी लिहिलेलं सगळ्यांना लागू होतं, त्यांच्या पाठीला पोतं लागतच नाही. त्यांच्यासाठी स्टे असतो. सरांनाही कोर्टात जाता आलं असतं, पण त्यांच्याकडे वकिलाचे पैसे नव्हते, ताठा तेवढा होता. ताठ्यावर स्टे मिळत नाही.

गुरुवारी, होळीच्या दिवशी, मी त्यांच्या दारात गेलो. खिशात पद्मजाबाईंनी दिलेली नोट होती, ती परत करायची होती, आणि जमलं तर पाय धरायचे होते. मला दुसरं काही नको होतं. एवढंच हवं होतं की पुन्हा त्या पंख्याखाली बसता यावं आणि सरांनी डोळे मिटून परत म्हणावं. पद्मजाबाईंनी दार अर्धं उघडलं. आत सर पडलेले दिसत होते, पाय तेवढे. बाई आत जाऊन विचारून आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यानं मला जास्त लागलं. त्या म्हणाल्या की ते म्हणतात, यादीत पहिला कोण आहे ते तुम्ही वाचलं असेल. आधी तिथं वाजवून या, मग आत या. आणि घरपट्टी ते भरणार आहेत, पण रांगेत आमदारांच्या मागे उभे राहून. हे सांगताना त्या थोड्या हसल्या, नवऱ्याच्या अशा बोलण्यावर बायका हसतात तसं. मग त्यांनी दार लावलं, शंभराची नोट माझ्या खिशातच राहिली. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला होत्या. मी त्या काढून उभा होतो हे मला तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी मी लाल कोट घातला. संभाजीला सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर त्यानं क्लॅरनेट कपाटात घालून किल्ली घेतली असती, कारण आमदारांच्या पक्षाच्या मिरवणुका आम्हाला मिळतात. वारज्याहून दोन बस बदलून मी त्या बंगल्यापाशी गेलो. फाटकाला दोन पोलीस, आत जनसंपर्क कार्यालय, पन्नासेक माणसं अर्ज घेऊन उभी. बंगला तीन मजली, यादीत तो दुसऱ्या ओळीवर होता. मी फाटकासमोर उभा राहिलो आणि वसुलीची ती उडती चाल धरली, जी मी सरांच्या दारात वाजवली नव्हती. जोरात. छातीत कळ येईपर्यंत. मला वाटलं आता पोलीस येतील, कॉलर धरतील, निदान लोक बघतील आणि विचारतील की म्हातारा का वाजवतोय. लोकांनी बघितलं. मग त्यांनी टाळ्या धरल्या. आतून एक कार्यकर्ता धावत आला आणि त्यानं फाटक उघडलं. त्याला वाटलं की कुणीतरी भाऊंसाठी बँड पाठवलाय. पोलिसानं मला पाणी आणून दिलं. सरांच्या दारात मी मंगल वाजवलं, त्याची बेअब्रू झाली. इथं मी बेअब्रू वाजवत होतो आणि तिचं मंगल होत होतं. मी काहीही वाजवलं असतं तरी झालं असतं. त्या फाटकातून आत जाताना सगळ्याचंच मंगल होत असावं.

आमदार बाहेर आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध. त्यांनी मला नमस्कार केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, फोटो झाला. म्हणाले, वा बाबा, या वयात काय दम आहे. मी क्लॅरनेट खाली घेतलं. धाप लागली होती. मी सांगितलं की मी वसुलीच्या बँडमधला आहे. तुमचं नाव यादीत पहिलं आहे, तीनदा. आणि म्हणालो, "घरपट्टी भरा साहेब. तुम्ही भरल्याशिवाय आमचे सर भरणार नाहीत."

आजूबाजूची चारदोन माणसं हसली, मग आमदारांकडे बघून गप्प झाली. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मी त्यांना माणूस म्हटलं असतं. त्यांनी शांतपणे मला समजावलं, अर्ज घेऊन आलेल्यांना समजावतात तसं. मॅटर कोर्टात आहे, आकारणीच चुकीची आहे, निकाल लागला की बघू, कायद्यापुढे आपण सगळे सारखे. असं म्हणत त्यांनी कार्यकर्त्याकडे हात केला, त्यानं पाचशेची नोट दिली, आणि त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "बँड लावला म्हणजे बिदागी घ्यायची असते, बाबा."

आणि माझा हात पुढं गेला. हे मला लिहिलंच पाहिजे. पन्नास वर्षं दिलेली नोट या हातानं नाकारलेली नाही, आमच्यात ते देणाऱ्याचा अपमान मानतात. डोकं नको म्हणत होतं आणि हात गेला, नोट घेतली, कपाळाला लावली. तेव्हा सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. परत येताना बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो आणि मला माझ्याच अंगाचा वास सहन होत नव्हता. ही नोट घेऊन सरांच्या दारात कोणत्या तोंडानं उभा राहणार? मी वाजवून आलो होतो, अट पुरी केली होती, आणि वर मजुरी घेऊन आलो होतो.

दोन दिवस ती पाचशेची नोट देवापुढे पडून होती. गोदाबाई तिला शिवेना. मंगळवारी सकाळी ती भाकरी थापताना म्हणाली की ज्याची हाय त्याच्या नावानं टाका कुठंतरी, घरात नको. दानपेटीत टाका म्हणायचं होतं तिला. पण माझ्या डोक्यात दुसरं आलं. यादीतला मिळकत क्रमांक मला पाठ होता. मी घरपट्टी भरायच्या रांगेत जाऊन उभा राहिलो, दीड तास. माझी पट्टी दरवर्षी मी अशीच भरतो, मे संपायच्या आत, सूट मिळते म्हणून. खिडकीवरच्या बाईंना क्रमांक सांगितला आणि नोट सरकवली. त्यांनी संगणकावर बघितलं, मग माझ्याकडे. आजोबा, हे कुणाचं भरताय? मी म्हणालो, ज्याचं नाव दिसतंय त्याचं, त्यांनीच पैसे दिलेत. त्या म्हणाल्या की यांना तर स्टे आहे. मी म्हणालो, मग घेता येत नाही का? त्यांनी मागच्या टेबलावरच्या माणसाला विचारलं. तो फाइलमधून मान न काढता म्हणाला, "स्टे वसुलीला असतो. भरायला कुणी अडवलंय?"

मी ते वाक्य खिडकीचा गज धरून ऐकलं. भरायला कुणी अडवलंय. इतकं साधं होतं. इतकी वर्षं तीनही मिळकतींपैकी एकीचंही भरायला त्या माणसाला कुणी अडवलेलं नव्हतं. कोर्टानं आमचा बँड अडवला होता. पावती निघाली. आमदारांचं पूर्ण नाव, पाचशे रुपये फक्त, अंशतः भरणा. मी ती तिथंच उभा राहून वाचली, वरपासून खालपर्यंत, मागचे लोक ओरडत होते तरी.

बुधवारी रंगपंचमी होती. सहकारनगरच्या गल्लीत पोरं भिजत होती, त्यांनी माझा सदरा निळा केला. पद्मजाबाईंनी दार पूर्ण उघडलं. सर खाटेवर उशांना टेकून बसले होते, बारीक झालेले. मी उंबऱ्याच्या बाहेरूनच सगळं सांगितलं, फाटक, टाळ्या, फोटो. नोट घेतली हेही सांगितलं. मग पावती पुढं केली. पद्मजाबाईंनी ती नेऊन दिली. सरांनी चष्मा लावला आणि वाचली. मागची बाजूही वाचली, मागं काही नव्हतं तरी.

"पाचशे," ते म्हणाले. "आणि फोटोही निघाला. म्हणजे त्यांच्या नावावर एका दिवसात दोन चांगली कामं झाली."

 त्यांनी पावतीची घडी घालून ती उशीखाली ठेवली. मग विचारलं की चाल कोणती वाजवलीत तिथं. मी सांगितलं. ते म्हणाले, माझ्या दारात बरी वाजली होती तुमची, पहिली सहा मिनिटं. नंतर श्वास फुटला. हे म्हणताना ते हसत नव्हते. मग म्हणाले, "पुढचा माणूस रांगेत लागला आहे. आता मला बसून चालणार नाही. सोमवारी रिक्षा घेऊन या, दहाला. ही खिडकी कुठं आहे ते मला ठाऊक नाही." आणि पद्मजाबाईंकडे वळून, "यांना बाहेर का उभं केलंय? निळे झालेत म्हणून?"

मी आत गेलो. पंखा चालू होता. माझ्या निळ्या सदऱ्यानं खुर्ची खराब होईल म्हणून मी कडेला टेकलो, तर बाई म्हणाल्या, नीट बसा, पुसता येते. सरांनी त्या दिवशीचा पेपर माझ्याकडे टाकला. अग्रलेख अर्थसंकल्पावर होता. मी दोन परिच्छेद वाचले. तरतुदींची तरतूद असा काहीतरी गुंता होता, माझी जीभ अडली. मी थांबून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, त्यांना झोप लागली होती. मीच मनात परत म्हणालो आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

ती पाचशेची पावती त्यांच्याकडेच राहिली. आमोदनं तेराव्यानंतर मोबाइलवरून घरपट्टी भरली, शास्तीसकट, पाच मिनिटांत. यादीतून गद्र्यांचं नाव गेलं. वरच्या तीन ओळी आहेत, शेरा तोच आहे, त्यातल्या एका आकड्यातून पाचशे कमी झाले असतील, मला तेवढं बारीक आता दिसत नाही. वसुलीवर मी जात नाही. संभाजी जातो, तो माझ्याशी बोलत नाही, पक्षाच्या मिरवणुका गेल्या. डॉक्टर म्हणाले, सरांचं हृदय थकलं होतं, वय झालं होतं. बँडमुळे झालं असं कुणी म्हणालं नाही. पद्मजाबाईही म्हणाल्या नाहीत.

बाळ वामन गद्रे, वय एक्क्याऐंशी, शुक्रवार दिनांक एकवीस मार्च दोन हजार पंचवीस रोजी सकाळी पावणेसात वाजता राहत्या घरी वारले.